उंचीचा जमाखर्च

पाण्याचा दाब किती, वेग किती, ते किती उंचावर उभं आहे आणि नळातून येताना वाटेत त्याचं किती घासून गेलं, या चारही गोष्टी हायड्रॉलिक्समध्ये एकाच मापात सांगतात: मीटरमध्ये. म्हणजे उंचीत. दुसऱ्या वर्षाची मुलं हे मुकाट्यानं उतरवून घेतात, या उंचीसाठी वापरायच्या ‘हेड’ या शब्दाखाली दोनदा रेघ मारतात आणि पुढच्या गणिताला लागतात. दाब मीटरमध्ये कसा काय, असं एखादा तरी विचारेल म्हणून मी तिथं जरा थांबतो. कोणी विचारत नाही. परीक्षेत येत नाही ते विचारायचं नाही, ही सवय बारावीपर्यंत पक्की झालेली असते.

मी ठाण्याला नौपाड्यात एका क्लासमध्ये डिप्लोमा आणि डिग्रीच्या मुलांना फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो, राहायला वाशीत. जाण्यायेण्याला ट्रान्स हार्बरची लोकल. ठाण्याहून निघालं की डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, उजवीकडे खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत वस्त्या, एमआयडीसी, नाले, रूळ सगळं दाटीवाटीनं. पाण्याला इथं तोटा नाही. चणचण आहे ती उंचीची. डोंगर संपला की जमीन एकदम सपाट होते आणि खाडीकडच्या नोडांमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या आखीव वसाहतींमध्ये, तर ती भरतीच्या पातळीशी बरोबरी करायला बघते. अशा जागी राहून जो हा विषय शिकतो, त्यानं तो उंचीचा जमाखर्च म्हणूनच शिकावा असं माझं ठाम मत झालंय. जमा किती मीटर, कुठं किती खर्च झाले, शेवटी हातात किती उरले. बर्नुलीचं समीकरण म्हणजे हीच खतावणी. सूत्रं मग आपोआप जागेवर बसतात.

सुरुवात गच्चीपासून करू. आमची सोसायटी तळमजला अधिक सात मजले. सातव्या मजल्यावरच्या काकू दर वार्षिक सभेला उठून एकच प्रश्न विचारतात: “टाकी माझ्या डोक्यावर, मग पाणी मलाच कमी कसं?” सगळे हसतात. प्रश्न मात्र हसण्यासारखा नाही, आणि अख्ख्या द्रवस्थितिशास्त्राचं उत्तर त्यात बसतं. टाकी दीड मीटरच्या चौथऱ्यावर आहे. पूर्ण भरली तर तिच्यात मीटरभर पाणी. काकूंचा शॉवर त्यांच्या छतापासून नव्वद सेंटीमीटर खाली. बेरीज केली तर ३.४ मीटर. एवढीच त्यांची पुंजी. तळमजल्याच्या शॉवरला याच्यावर सात मजल्यांचे एकवीस मीटर फुकट मिळतात, म्हणजे २४.४. टाकीत लाख लिटर पाणी असो की हजार, नळाला त्याचं सोयरसुतक नाही. त्याला फक्त पाण्याची वरची पातळी आपल्यापासून किती उंच आहे एवढंच दिसतं. आणि टाकी रिकामी होत आली की दोघांचाही एकेक मीटर जातो, पण काकूंचा चोवीसमधला जात नाही, साडेतीनमधला जातो. म्हणून सकाळी साडेआठनंतर ओरड वरूनच येते.

हे झालं पाणी उभं असताना. नळ सोडला की खर्च सुरू होतो, आणि इथं पाठ्यपुस्तकाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. पुस्तक वेगाच्या हेडला फार मान देतं. दाबाचं हेड, उंचीचं हेड आणि वेगाचं हेड, म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन जी (जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण), तिघं एका ओळीत अशी उभी असतात की मुलांना ती सारख्याच वजनाची वाटतात. आकडे घालून पाहा. घरातल्या नळात पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास. त्याचं हेड भरतं पाच सेंटीमीटर. वेग दुप्पट केला तर वीस. काकूंच्या ३.४ मीटरमध्येसुद्धा ही चिल्लर. खरा खर्च घर्षणाचा, ज्याला पुस्तक पहिल्या धड्यात ‘दुर्लक्ष करा’ म्हणतं. अर्धा इंची नळात एक मीटर वेगानं पाणी धावलं तर नळाच्या प्रत्येक मीटरमागे साधारण दहा सेंटीमीटर हेड घासून जातं. टाकीपासून काकूंच्या शॉवरपर्यंत वळणं घेत पंधरा मीटर नळ असेल तर दीड मीटर तिथंच संपले. शिवाय एल्बो, शिवाय अर्धवट उघडा राहिलेला जुना गेट व्हॉल्व्ह, शिवाय शॉवरच्या जाळीत बसलेला क्षार.

यावर आमच्या प्लंबरनं काढलेला तोडगा ऐका. त्यानं नळ पाहिला, हातोडीच्या दांड्यानं एकदा ठोकला आणि म्हणाला, “अर्धा इंचीत पाणी घुसमटतंय, सर. पाऊण टाका.” सेक्रेटरींना पटेना. पाव इंचानं असं काय होणार? क्षेत्रफळाचाच हिशेब केला तरी सव्वादोन पट होतं, पण इतक्यावर भागत नाही. हेड तेवढंच ठेवून घर्षणानंच प्रवाह अडत असेल, तर प्रवाह व्यासाच्या अडीचाव्या घातानं वाढतो. दीडाचा अडीचावा घात पावणेतीन. पाव इंच रुंदी वाढवली तर जवळजवळ पावणेतीन पट पाणी. उलट बाजूनं पाहिलं तर तेवढंच पाणी न्यायला लागणारं हेड साडेसात पटींनी कमी होतं, कारण तिथं व्यासाचा पाचवा घात येतो. प्लंबरला घात-बित ठाऊक नाहीत, पण किती पाइप बदलल्यावर किती फरक पडतो हे त्याच्या हाताला माहीत आहे. व्हायव्हामध्ये मी मुलांना हाच प्रश्न विचारतो आणि घर्षणाच्या खर्चाचं डार्सीचं सूत्र घडाघडा म्हणणारी मुलंही ‘सव्वादोन’ म्हणून मोकळी होतात.

ज्याचं नाव त्या सूत्राला आहे तो हेन्री डार्सी मुळात नगरपालिकेच्या पाण्याचाच माणूस. जन्म १८०३ चा, गाव फ्रान्समधलं दिजों. तिथल्या लोकांना प्यायला धड पाणी नव्हतं. डार्सीनं सुमारे बारा किलोमीटरवरच्या एका झऱ्याचं पाणी बंदिस्त पाटातून, पंप न लावता, नुसत्या उताराच्या जिवावर १८४० साली गावात आणलं आणि त्या कामाचा मोबदला घेतला नाही. मग आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत नळांवर प्रयोग मांडले: काचेचे, शिशाचे, ओतीव लोखंडाचे, नवे आणि जुने. जुन्या नळाच्या खरबरीतपणाला किंमत मोजावी लागते हे त्यानं आकड्यांनी दाखवलं. सूत्राची आजची मांडणी त्याच्याआधी वाइसबाख या जर्मन प्राध्यापकानं १८४५ मध्ये केली होती, म्हणून दोघांची नावं जोडून घेतात. प्राध्यापकानं सूत्र दिलं, पाणीवाल्यानं त्यातला गुणांक कुठून येतो ते शोधलं. माझा कल कुणाकडे आहे ते सांगायला नको.

आणि बर्नुली? डॅनियल बर्नुलीनं आपला ग्रंथ १७३८ साली छापला, तर त्याच्या वडिलांनी, योहान बर्नुलींनी, त्याच विषयावरचं स्वतःचं पुस्तक १७३२ सालचं असल्याचं भासवून आपणच आधी होतो असा आव आणला. भावकीचा तंटा आपल्याकडेच होतो असं नाही. आपण पाठ करतो ते समीकरण आजच्या रूपात मांडलं ते ऑयलर या गणितज्ञानं. पण ते कोणाचंही असो, त्याच्याबरोबर अटी येतात: प्रवाह स्थिर हवा, घनता बदलायला नको, घर्षण नको, आणि हिशेब एकाच प्रवाहरेषेवर मांडायला हवा. मुलं समीकरण वहीत चौकटीत लिहितात आणि अटी चौकटीबाहेर राहतात. शहरातल्या नळात या चारांतली घर्षणाची अट पहिल्याच मीटरला मोडते, पंप सुरू-बंद करताना स्थिरतेची मोडते.

अटी विसरल्या की काय होतं याचं घरोघरी सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे बागेच्या नळीच्या तोंडावर ठेवलेला अंगठा. तोंड अरुंद झालं, म्हणून सातत्याच्या नियमानं (जेवढं पाणी आत, तेवढंच बाहेर) वेग वाढला, असं पुस्तकात असतं आणि मुलं तेच लिहितात. सातत्याचा नियम खराच आहे, पण त्यानं एवढंच कळतं की त्याच क्षणी नळीतल्यापेक्षा तोंडाशी वेग जास्त आहे. अंगठा ठेवण्याआधीपेक्षा तोंडाशी वेग का वाढला, हा वेगळा प्रश्न. बादली भरून पाहा: अंगठा ठेवल्यावर ती भरायला जास्त वेळ लागतो. म्हणजे प्रवाह कमी झाला. प्रवाह कमी झाला म्हणून लांबलचक नळीतला वेग कमी झाला, म्हणून घर्षणात जाणारं हेड वाचलं, आणि वाचलेलं हेड तोंडाशी वेगाच्या रूपात बाहेर आलं. गच्चीवरची टाकी दहा मीटर वर असेल तर कितीही अंगठा दाबला तरी तोंडाचा वेग सेकंदाला चौदा मीटरच्या पुढं जाणार नाही, कारण जमेच्या बाजूला दहाच मीटर आहेत. उंचीवरून धारेचा वेग सांगणारं तोरिचेल्लीचं सूत्र याहून जास्त काही सांगत नाही.

खर्च वेगाच्या वर्गानं का वाढतो हे मात्र फळ्यावर दाखवता येत नाही. त्यासाठी लॅबमध्ये जावं लागतं. रेनॉल्ड्सचं उपकरण बहुतेक कॉलेजांत असतं आणि बहुतेक ठिकाणी त्यावर धूळ असते. मी ज्या लॅबमध्ये मुलांना नेतो तिथलं अजून चालतं. वर पाण्याची टाकी, तिच्यातून निघालेली आडवी काचेची नळी, आणि नळीच्या तोंडात सुईएवढ्या बारीक टोकातून पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी सोडायची सोय. तोटी अगदी हलकेच उघडली की जांभळा धागा नळीच्या मधोमध शेवटपर्यंत सरळ जातो. इतका सरळ की दोनदा डोळे बारीक करून पाहावं लागतं, तो हलतोय की थांबलाय. तोटी थोडी आणखी उघडली की धागा शेवटाकडे किंचित थरथरतो, पुन्हा सावरतो. आणखी थोडी, आणि तो मध्येच सुटतो, पिंजतो आणि पुढची सगळी नळी फिकट गुलाबी. पाण्याचे थर एकमेकांवरून मुकाट सरकत होते तोवर खर्च वेगाच्या प्रमाणात होता. आता भोवरे उठले, पाणी आडवंतिडवं मिसळू लागलं आणि खर्च जवळजवळ वेगाच्या वर्गानं वाढू लागला.

ऑसबर्न रेनॉल्ड्सनं हा प्रयोग मँचेस्टरला १८८३ साली केला. वेग, व्यास आणि पाण्याची घनता यांच्या गुणाकाराला चिकटपणानं भागलं की येणारा आकडा नळात दोन हजारांच्या खाली असेल तर धागा टिकतो, असं आपण शिकवतो. खुद्द रेनॉल्ड्सला पाणी पूर्ण निवळू देऊन, नळीचं तोंड कर्ण्यासारखं करून बारा-तेरा हजारांपर्यंत धागा टिकवता आला होता. त्याच जुन्या उपकरणावर पुढच्या शतकात प्रयोग करणाऱ्यांना तेवढं जमलं नाही. बाहेरच्या रहदारीचे हादरे आडवे आले. आमची लॅब रस्त्यालगत आहे. बाहेरून डंपर गेला की धागा आधी थरथरतो आणि खिडकीची काच नंतर. मुलांना हे एवढं आवडतं की वाचन घ्यायचं सोडून ती डंपरची वाट बघतात. मी त्यांना थांबवत नाही. आणि हो, घरच्या अर्धा इंची नळात एक मीटर वेगाला हा आकडा पंधरा हजार येतो. सरळ धाग्याचा प्रवाह आपल्या स्वयंपाकघरात बहुधा फक्त तेलाच्या धारेत दिसेल.

पंपाचं प्रकरण यायचंच. पंप म्हणजे विकत घेतलेली उंची. एक दशलक्ष लिटर पाणी एक मीटर वर चढवायला शुद्ध हिशेबानं २.७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर चारच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण रोजचे शंभर दशलक्ष लिटर आणि पन्नास मीटर असा हिशेब धरला की दिवसाला साडेएकोणीस हजार युनिट होतात. मुंबईकरांचा तानसा १८९२ मध्ये पुरा झाला. त्याचं पाणी ठाण्याच्या अंगणातून, मोठमोठ्या नळांतून, उतारावरून आपलं आपण मुंबईला जातं. भातसाचं तसं नाही. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत खाली पिसे इथं येतं, म्हणजे धरणातली उंची नदीपात्रात खर्च होऊन गेलेली असते, आणि तिथून ते पंपानं उचलावं लागतं. ठाण्याचंही भातसा आणि उल्हास नद्यांतून येणारं पाणी असं उचललेलंच. नवी मुंबईचं मोरबे धरण खालापूरकडच्या डोंगरात, धावरी नदीवर. दर पावसाळ्यात ‘मोरबे भरलं’ अशी बातमी येते आणि त्यात पाण्याच्या पातळीचा ८८ मीटर हा आकडा असतो. लोक तो वाचून किती महिन्यांचं पाणी झालं एवढं बघतात. मला त्यात शहराच्या नावावर जमा झालेली उंची दिसते, जी वीजबिलात कधी येणार नाही.

पंप ढकलायला कितीही ढकलेल. ओढताना मात्र त्याला मर्यादा आहे. मुळात पंप पाणी ओढतच नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेकडे देण्यासारखे जेमतेम १०.३ मीटर आहेत. इटलीतले पंपवाले हे अनुभवानं जाणून होते, त्याचं कारण तोरिचेल्लीनं १६४३ मध्ये पाऱ्यानं भरलेल्या नळीवरून दाखवलं: पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून तो ७६ सेंटीमीटरवरच थांबतो. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या वर पंप ओढायला गेला की हवा धरतो. चाळीत किंवा जुन्या इमारतीत पालिकेच्या लाइनला थेट टुल्लू पंप लावणारे शेजाऱ्याचं पाणी पळवतात एवढाच आरोप होतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की ते लाइनमधला दाब हवेच्याही खाली आणतात. मग ज्या सांध्यातून एरवी पाणी बाहेर गळतं, त्याच सांध्यातून गटाराचं पाणी आत यायला लागतं. गळती उलटी फिरायला जमेची बाजू शून्याच्या खाली जायचा अवकाश.

रात्री पंप बंद झाल्यावर इमारतीत ‘धाड्’ असा आवाज येतो, त्याबद्दलही एक वाक्य. वर चढणारं पाणी थांबतं, उलटं फिरू लागतं आणि पाणी उलटं जाऊ न देणारी एनआरव्हीची झडप उशिरा आपटते. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी लोखंडी नळात एका झटक्यात अडवलं तर दाब शंभर-सव्वाशे मीटरनं उसळतो, आमच्या इमारतीच्या पाचपट. जुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर हे १८९८ च्या सुमारास पडताळलं. आमच्या सोसायटीत त्याला ‘पंपवाल्याचं भूत’ म्हणतात.

आता खाडीकडे. इथं नळ नाहीत, उघडे नाले आहेत, आणि जमेची बाजू मीटरमध्ये सोडा, वीतभरातही मोजावी लागते. उघड्या नाल्यातला वेग उताराच्या वर्गमुळावर चालतो, हे मॅनिंगचं सूत्र. (रॉबर्ट मॅनिंग आयर्लंडचा. त्यानं ते १८८९ मध्ये मांडलं, आणि आज त्याच्या नावानं चालणारं रूप त्याला स्वतःला फारसं पसंत नव्हतं.) पारसिकच्या उतारावर ओढा पन्नासाला एक असा उतरतो. खाली सपाटीवर तोच नाला दोन हजाराला एक. उतार चाळीस पटींनी कमी, म्हणून वेग सहा पटींहून जास्त घटतो, म्हणून तेवढंच पाणी वाहून न्यायला नाल्याचं पात्र ढोबळमानानं सहा पट मोठं हवं. डोंगरावर ज्या ओढ्यावरून पोरं उडी मारून जातात, त्याला स्टेशनजवळ रस्त्याएवढी रुंदी द्यायला लागते, आणि तिथंच नेमकी जागा नसते. सूत्रातला खरबरीतपणाचा गुणांक गुळगुळीत काँक्रीटला ०.०१३ च्या आसपास. गवत, माती, थर्माकोल आणि पिशव्यांनी भरलेल्या नाल्याला तो सहज दुप्पट-अडीचपट होतो, आणि वेग तेवढ्याच पटीत घटतो. मे महिन्यातली नालेसफाई म्हणजे हा गुणांक खाली आणायचा वार्षिक सोहळा.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोनं हे शहर वसवताना ही अडचण ओळखली होती. म्हणून वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर या खाडीकडच्या नोडांत डच धर्तीवर धारण तलाव ठेवले. शहराचं पावसाचं पाणी तलावात येतं, तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा. या झडपा जवळून बघण्यासारख्या आहेत. जाड लोखंडी पत्रा, वरच्या कडेला बिजागरी, कडेनं रबर, त्यावर शिंपल्यांचे आणि शेवाळाचे थर. ना मोटर, ना माणूस. भरती आली की खाडी स्वतःच झडप दाबून बंद करते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं.

दीड मीटर रुंद, दीड मीटर उंच झडप धरा आणि खाडीचं पाणी तिच्या वरच्या कडेपर्यंत. तिच्यावर बल किती? मुलं खाडीकडे बघतात, पलीकडे वाशीचा पूल, त्याच्याही पलीकडे समुद्र, आणि फार मोठा आकडा सांगतात. उत्तर आहे सुमारे १.७ टन. मागे अरबी समुद्र असला काय आणि हातभर रुंदीची चर असली काय, दाब खोलीवर ठरतो. स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञानं हे १५८६ मध्ये सांगितलं आणि आजही ते कोणाला चटकन पटत नाही. हे बल लागतं कुठं, तर पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन-तृतीयांश खोलीवर, म्हणजे बिजागरीपासून एक मीटर खाली. म्हणूनच बिजागरी वर ठेवतात. खालचा दाब लांबच्या टोकाला लागतो आणि झडप घट्ट बसते. आत मीटरभर पाणी असलं तरी त्याचा जोर जेमतेम निम्मा भरतो. मात्र एक फळकुट, एक नारळाची करवंटी कडेत अडकली की हा सगळा हिशेब वाया.

झडपा बंद असताना पाऊस पडत राहिला तर? समजा तासाला ५० मिलिमीटर, एक चौरस किलोमीटरवर, आणि त्यातलं ऐंशी टक्के पाणी वाहून तलावाकडे आलं. तासाला चाळीस हजार घनमीटर. भरतीनं चार तास अडवलं तर एक लाख साठ हजार. दहा हेक्टरचा तलाव असेल तर पाणी १.६ मीटरनं चढेल. त्यात अर्धा मीटर गाळ बसलेला असेल तर पन्नास हजार घनमीटर जागा गेली, म्हणजे तासाभराच्या पावसाहून जास्त. गाळ बसलाच आहे, आणि गाळावर खारफुटी उगवली आहे, आणि खारफुटीला हात लावायचा तर परवानग्या. खारफुटी तोडा असं मी म्हणत नाही. किनाऱ्याला तिचा आधार आहे. पण तलाव गाळानं भरण्याच्या आधी तिथं ती नव्हती, हेही हिशेबात धरायला हवं. दोन्ही बाजूंचे लोक तावातावानं बोलतात आणि घनमीटरमध्ये कोणी बोलत नाही.

यंदाच्या बॅचला मी यातूनच एक गणित दिलं. खाडी ०.५ आणि ४.५ मीटरच्या दरम्यान नियमित वरखाली होते. भरती ते भरती १२ तास २५ मिनिटं. तलावातलं पाणी २ मीटरवर. झडप किती वेळ उघडी राहील? उत्तर सव्वापाच तासांच्या जवळ येतं. दुसरा भाग: समुद्र ३० सेंटीमीटर चढला तर? वेळ साधारण चाळीस मिनिटांनी कमी होतो. शिवाय ओहोटीच्या तळाशी पातळ्यांतला फरक दीड मीटरचा सव्वा मीटरच्याही खाली येतो, म्हणून उघड्या झडपेतून जाणारा प्रवाहही दहा टक्क्यांनी घटतो. वेळही कमी, जोरही कमी.

क्लास सुटल्यावर कोपरखैरणे-वाशीकडची पोरं माझ्याच लोकलला असतात. गाडीत विषय तोच. एक जण म्हणाला, “सर, एवढं कशाला? पंप लावू.” लावू या. तासाला चाळीस हजार घनमीटर पाणी अडीच मीटर उचलायचं. त्यानं मोबाइलवर हिशेब केला: सत्तर टक्के कार्यक्षमतेला ३९० किलोवॅट, म्हणजे पाचशे अश्वशक्तीच्या वर, एका चौरस किलोमीटरसाठी, वर्षातले काही तास. “आणि त्या पावसात लाइट गेली तर?” दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली. मग डिझेल जनरेटर आला. जनरेटर कुठं ठेवायचा, तर तलावाच्या काठावर. काठ किती उंच? किती पाणी चढेपर्यंत तो चालेल? त्याचा चौथरा किती मीटरचा हवा, आणि डिझेलची टाकी त्याच्या वर ठेवायची की खाली, यावर तुर्भे गेलं तरी एकमत झालं नव्हतं. कोपरखैरण्याला उतरायचे दोघे उतरायचं विसरले होते.